कोंडेवाल्या वहिनी

बेकरीचे दोन भाग होते आणि त्यांचे दोन धनी. पुढचं दुकान वहिनींचं, मागची भट्टी भाऊजींची. पिठाची धूळ नाकात गेली की वहिनींना खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे त्या भट्टीकडे फिरकत नसत. भाऊजींचं उलट. भट्टीपुढे दिवसभर गुणगुणणारा हा माणूस गिऱ्हाईक समोर आलं की मुका व्हायचा. "तुझं तोंड आणि माझे हात," ते वहिनींना म्हणायचे, "दोघांचा मिळून एक धड बेकरीवाला होतो."

नात्याने त्या भाऊजींच्या एकट्याच्या वहिनी. पण त्या रस्त्यावरचे सगळेच त्यांना वहिनी म्हणत, अगदी वयाने त्यांच्यापेक्षा मोठे असलेले समोरचे कुलूपवालेसुद्धा. पाठीमागे नाव जरा लांबायचं: कोंडेवाल्या वहिनी. त्यांना ते ठाऊक होतं. राग यावा असं त्यात त्यांना काही वाटत नव्हतं.

बेकरी मुळात त्यांच्या नवऱ्याची. मोठा उमदा माणूस. भट्टीतून निघालेला पहिला पांढरा पाव मोडून त्यात लोण्याचा गोळा घालायचा आणि उभ्या उभ्या संपवायचा, हा त्याचा रोजचा नाश्ता. भाजीचं त्याला वावडं होतं. "हिरवं ते गुरांचं," असं म्हणून तो ताट सरकवायचा आणि वहिनी हसायच्या. आपण हसायचो, हे त्यांना पुढे फार लागलं. शौचाला रक्त पडतंय हे त्याने बरेच महिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा म्हणाला, "मूळव्याध असेल. नंतर बघू." ते नंतर आलं तेव्हा आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. पन्नाशी गाठायच्या आत माणूस गेला.

शेवटच्या दिवसांत वहिनींनी डॉक्टरांना गाठून विचारलं होतं, की हे यांनाच का झालं. डॉक्टर म्हणाले, एका माणसाला कशाने झालं हे कोणीच सांगू शकत नाही. मात्र जे लोक तंतुमय पदार्थ, म्हणजे कोंडा, कडधान्यं, भाज्या, साली, फार कमी खातात, त्यांच्यात याचा धोका जास्त दिसतो. डॉक्टरांच्या बोलण्याचा पहिला भाग दवाखान्याच्या दारातच राहिला. दुसरा वहिनी घरी घेऊन आल्या.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी त्यांनी भाऊजींना समोर बसवलं.

"भाऊजी, आपल्या घराने आजवर लोकांना मैदाच विकला. आता एक पाव कोंड्याचा करायचा. विकायचं मी बघते."

भाऊजींनी मान डोलावली. दादाची बायको काही मागते आहे आणि आपल्याला ते करता येतंय, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

पहिले पाव म्हणजे विटा होत्या. भाऊजी स्वतःच म्हणाले, "वहिनी, हा विकण्यापेक्षा याची भिंत बांधू." पण वहिनींनी तो विकला. नवऱ्याची कहाणी त्या रडून सांगत नसत. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता, पावसापाण्याचं बोलावं तसं सांगत. माझे मालक असे गेले, तुम्ही तरी सांभाळा. ऐकणारा निमूटपणे पिशवी पुढे करायचा. वर्षभरात पाव हळूहळू सुधारला. मऊ झाला, फुगला, रंग खमंग तपकिरी आला. एक दिवस वहिनींनी काप तोंडात घातला आणि दारातून आत ओरडून सांगितलं, "भाऊजी, आता जमला बरं का."

आतून उत्तर यायला थोडा वेळ लागला. "जमला ना? झालं तर मग."

तेव्हापासून तो पाव दुकानाची ओळख झाला. आणि कोंड्याच्या पावामागोमाग लोकांच्या पोटाच्या तक्रारीही वहिनींच्या गल्ल्याच्या फळीवर येऊन पडू लागल्या. नवऱ्याला न सांगितलेलं बायका त्यांना सांगायच्या. पुरुष आधी इकडे तिकडे बघायचे आणि मग सांगायचे.

बसचा एक ड्रायव्हर होता. दिवसभर बसून बसून त्याचं पोट साफ होईना.

"वहिनी, चार-चार दिवस काही हालचाल नाही हो."

"रक्त वगैरे?"

"छे छे."

"रक्त दिसलं तर माझ्याकडे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. नाहीतर हा पाव रोज खा आणि पाणी पी. महिन्याने सांग."

महिन्याने तो छाती पुढे काढून आला. "वहिनी, आता आमची पहिली फेरी वेळेवर सुटते."

दुकानातले सगळे हसले. वहिनींनी त्या दिवशी त्याला एक पाव जास्त दिला. असे लोक आले की त्यांना वाटायचं, आपला माणूस गेला तो अगदीच फुकट गेला नाही.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता. त्याची चाळिशी जवळ आली तशा वहिनी त्याच्या मागे लागल्या. वडिलांना कमी वयात झालेलं, तेव्हा मुलाने वेळेत आतड्याची तपासणी करून घ्यायला हवी, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मुलगा टाळायचा. "आई, मी काय बाबांसारखं खातो का? लहानपणापासून तुझा कोंड्याचा पाव खातोय." वहिनींना हे ऐकून आतून बरं वाटायचं, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर त्याने रजा काढली, गावातल्याच इस्पितळात तारीख मिळाली आणि तो घरी राहायला आला.

तपासणीआधीचे दिवस काय खायचं ते नर्सने त्याला समजावून दिलं होतं. कोंडा नाही, बिया नाहीत, साली नाहीत. साधा पांढरा पाव, अंडं, गाळलेलं सूप. आदल्या दिवशी फक्त पातळ. त्याने ते सगळं आईला सांगितलं, आईने ऐकून घेतलं, आणि पुढे जे केलं ते त्या घरातलीच बाई करू शकत होती. बापाला ज्याने गिळलं, असं त्यांनी मनात धरलं होतं, तो मैद्याचा पाव पोराच्या ताटात वाढायला त्यांचा हात धजेना. पोटाची तपासणी आहे तर पोटाला चांगलं तेच द्यावं, एवढा साधा हिशेब. दोन दिवस, दोन्ही वेळा, त्यांनी त्याला कोंड्याचा पाव वाढला. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून खात होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातच त्याचं लक्ष गेलं. तो फळीमागच्या स्टुलावर बसून अंड्याबरोबर पाव खात होता.

"आई, हा तपकिरी कसा?"

"नेहमीचाच आहे."

"म्हणजे कोंड्याचा?"

"पोटाला चांगला असतो."

"अगं आई, त्यांना माझं पोट बघायचंय, पावाचं कौतुक नाही करायचं."

वहिनींनी लगेच इस्पितळात फोन लावला. नर्स शांतपणे म्हणाली, "दोन दिवस खाल्लाय का? मग अवघड आहे. कोंडा आतड्याला धरून राहतो, नीट दिसत नाही. एखादी बारीक गाठ झाकली गेली तर तपासणी करून उपयोग काय? पुढची तारीख देते. पण ती तीन-चार महिन्यांनी मिळेल."

मुलगा शेजारीच होता. त्याने खांदे उडवले. वहिनींना त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव दिसला.

"राहू दे मग. नंतर बघू."

तेच शब्द, तोच आवाज. हा आज परत गेला की पुन्हा येणार नाही, हे वहिनींना स्वच्छ दिसलं. नर्सला "एक मिनिट हं" म्हणून त्यांनी फोन हातात तसाच धरला. आपल्याच हाताने आपण हे केलं.

भाऊजी पावांचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवला, परत आत गेले, पुन्हा बाहेर आले.

"वहिनी, तारीख बदलू नकोस."

"अहो, कोंडा खाल्लाय त्याने."

"नाही खाल्ला."

"मी माझ्या हाताने कापून दिला, भाऊजी."

भाऊजींनी एप्रनला हात पुसले. स्वच्छच होते ते. "त्यात कोंडा नसतो," ते म्हणाले.

फोनमधून नर्सचा "हॅलो, हॅलो" आवाज येत होता. मुलाने आईच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, "चूक झाली होती, पाव साधाच होता, मी ठरल्या दिवशी येतो." मग तो काकांकडे बघून अर्धवट हसला, आईकडे बघितलं आणि हसू आवरलं.

"नसतो म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"मैदाच असतो. वरून चिमूटभर कोंडा भुरभुरवतो. तो कापताना झडतो."

फळीवर पडलेला तो भुगा वहिनी रोज ओल्या फडक्याने पुसून टाकत होत्या. "आणि रंग?"

"साखर करपवून."

"कधीपासून?"

भाऊजी ट्रेमधले पाव सरळ करू लागले.

"मी विचारते आहे, कधीपासून."

"तू म्हणालीस ना, आता जमला. तेव्हापासूनच."

वहिनी खुर्चीवर बसल्या. भाऊजी घाईघाईने बोलू लागले, आयुष्यात कधी बोलले नसतील एवढं. पाव कोणी खात नव्हतं, वहिनी. तुझ्याकडे बघून न्यायचे आणि घरी गेल्यावर टाकून द्यायचे. आपल्या रस्त्यावरच्या शिवणवाल्या बाई पाखरांना घालायच्या, मी डोळ्यांनी पाहिलं. आधी कोंडा अर्धा केला. मग मूठभर. मग लोक आवडीने न्यायला लागले आणि परत वाढवायचा धीर झाला नाही.

"मला सांगायचं होतं."

"तू पाव बंद केला असतास."

"केलाच असता."

"दादा गेल्यावर तू पहिल्यांदा हसायला लागली होतीस. त्या पावापायी. मला ते मोडवेना."

"म्हणून मला हसत ठेवलंत," वहिनी म्हणाल्या. "आणि मी हसत हसत सगळ्या रस्त्याला फसवलं. बोलणारं तोंड माझं होतं, भाऊजी. तुमचे तर नुसते हात."

भाऊजींनी ट्रे उचलला. ते आत गेले. त्या संध्याकाळी आतून गुणगुणणं ऐकू आलं नाही.

तपासणी ठरल्या दिवशी झाली. मुलाच्या आतड्यात दोन बारीक गाठी निघाल्या आणि त्या तिथल्या तिथे काढून टाकल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता काळजीचं काही नाही. पण अशा गाठी वर्षानुवर्षं राहिल्या तर एखादी बिघडते. बरं झालं, वेळेत आलात."

वहिनींनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. "डॉक्टरीणबाई, याने लहानपणापासून खराच कोंडा खाल्ला असता तर या झाल्या नसत्या का?"

"ते नाही सांगता यायचं. तंतुमय खाण्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. कदाचित तरीही झाल्या असत्या. तुमच्या घरात तपासणी चुकवायची नाही, हे मोठं."

हे वाक्य वहिनींनी पूर्वी एकदा ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत, दुसऱ्या डॉक्टरांकडून. तेव्हा त्यांनी त्यातलं अर्धंच घेतलं होतं. आता सगळं ऐकलं, पण त्यामुळे मन हलकं झालं नाही. पावाने पोराला आजारी पाडलं असं म्हणायची सोय नव्हती. भाऊजींवर एवढा मोठा आळ घालता आला असता तर निदान भांडता आलं असतं. हातात उरली ती नुसती फसवणूक, तिच्यामुळे कोणाचं काय बिघडलं ते दाखवता न येणारी.

घरी परतताना मुलगा म्हणाला, "आई, काकांनी कबूल केलं म्हणून तपासणी झाली. नाहीतर मी परत गेलो असतो आणि आलो नसतो, हे तुलाही माहीत आहे. सोड आता."

"कबूल केलं ते तुझ्यासाठी."

"मग?"

"तुझ्या बाबांसाठी नाही केलं. त्यांचं नाव घेऊन मी तो पाव विकत होते. एवढी वर्षं दाराआड उभं राहून ते ऐकत होते ना?"

दुसऱ्या दिवशी मुलगा नोकरीच्या गावी निघून गेला. जाताना त्याने काकांना मिठी मारली, आणि वहिनींनी तोंड फिरवून काचा पुसायला घेतल्या.

मग वहिनींनी एक ठरवलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं. पाव मागितला की त्या म्हणायच्या, "यात कोंडा नाही. इतकी वर्षं नव्हताच म्हणा. मला माहीत नव्हतं, पण सांगत मीच होते." त्यांना वाटलं होतं, लोक चिडतील, बोलतील, दोन शब्द सुनावतील. तयारीही ठेवली होती. शिवणवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मला शंका होतीच. कोंड्याचा पाव एवढा मऊ कुठे असतो?"

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू इतकं मनापासून सांगायचीस. तुझं मन कशाला मोडायचं?"

आणखी एक जण. सगळेच त्यांचं मन जपत होते म्हणायचे.

ड्रायव्हर आला तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. त्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे मग मी बरा कशाने झालो?"

"मला काय माहीत. पाणी प्यायलास म्हणून असेल."

"मग द्या तोच."

"अरे, मैदा आहे तो. रंगवलेला मैदा."

"असू दे हो वहिनी. गुण आला ना? आणि मऊ आहे. द्या."

वहिनींनी पाव दिला नाही. "तो पाव आता मी देत नाही. आत जाऊन घे," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा बघून तो मुकाट्याने भट्टीच्या दारापाशी गेला. तेव्हापासून तोच नियम झाला. पांढरा पाव, बिस्किटं, बन वहिनी देत. तपकिरी पाव मागणाऱ्याला त्या आतल्या दाराकडे बोट दाखवत, आणि भाऊजी खाली मान घालून पाव घेऊन येत. गिऱ्हाईक काही विचारू लागलं की ते वहिनींकडे बघत. वहिनी दुसरीकडे बघत.

घरात जेवण एकाच टेबलावर होतं. भाऊजींच्या बायकोने, म्हणजे जाऊबाईंनी, समेटाची खटपट केली. "सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यांनी तुमच्यासाठी केलंय, ताई." वहिनी म्हणाल्या, "तेच तर. परक्याने केलं असतं तर मी एवढ्यात विसरलेही असते." त्यानंतर जाऊबाईंनी तो विषय काढला नाही. पाव मात्र वहिनींच्या ताटातून गेला. सकाळी त्या शेजारच्या भाजीवाल्याकडून शेंगा, गाजरं, फळं घेऊन यायच्या, रात्री भिजवलेले वाटाणे उकडून खायच्या. सगळं स्वतः निवडलेलं, स्वतः धुतलेलं.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. वहिनी फळीमागे बसून जेवत होत्या. भाऊजी आतून एक पाव घेऊन आले आणि त्यांच्यापुढे ठेवला. बसका, जड, वरून तडकलेला. तो कापायला त्यांना सुरीवर जोर द्यावा लागला. आत गडद ठिपके दिसत होते.

"खरा आहे," भाऊजी म्हणाले. "आजपासून हाच करणार. कोणी नेला नाही तरी चालेल."

"बरं."

"साखर नाही, काही नाही. बघ."

"असेल."

"खाऊन तरी बघ, वहिनी."

वहिनींनी काप उचलला नाही. वाटाण्याची वाटी त्यांनी जरा जवळ ओढली.

"भाऊजी, खाऊन मला कळलं असतं, तर एवढी वर्षं लागली असती का?"

भाऊजी उभेच राहिले. वहिनींनी वाटीतले उरलेले वाटाणे एकेक करून संपवले, सफरचंद पुसलं आणि सालीसकट खायला लागल्या. बऱ्याच वेळाने भाऊजींनी पाव उचलला, फळीवरचा भुगा तळहाताने गोळा केला आणि ते आत गेले.